सनावळ्या पाठ असतात, मग पेपरमध्ये का आठवत नाहीत?

प्लासी १७५७, पानिपत १७६१, बक्सार १७६४. आदल्या रात्री घडाघडा म्हटलेली ही साखळी पेपर हातात आला की नेमकी मधेच तुटते. पानिपत आधी की बक्सार? मग अंदाजपंचे एक पर्याय निवडून पुढे जायचं. 'घटना कालानुक्रमे लावा' हा तर स्पर्धा परीक्षांचा आवडता प्रश्न. तिथे एक सन घसरला की अख्खं उत्तर चुकतं.

यात दोष स्मरणशक्तीचा कमी आणि घोकंपट्टीचा जास्त. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली, तर त्यातला बराच भाग पहिल्या दिवसातच पुसला जातो, असं त्यांना दिसलं. गोष्ट न समजता पाठ केलेला सन म्हणजे तरी दुसरं काय?

दोन लढाया जोडणारा माणूस

प्लासीत सिराज-उद-दौला हरला आणि बंगालमध्ये कंपनीचे पाय रोवले गेले. उत्तरेत मात्र तेव्हा मराठ्यांचा जोर होता. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. 'अटकेपार झेंडे' तिथलेच. मग अब्दाली आला आणि १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं. तिथे अवधचा नवाब शुजा-उद-दौला अब्दालीच्या बाजूने होता, म्हणजे जिंकणाऱ्यांमध्ये. हाच शुजा १७६४ला मीर कासीम आणि बादशहा शाह आलम यांच्यासोबत बक्सारला कंपनीशी लढला आणि हरला. पुढच्याच वर्षी, १७६५ला, बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली.

शुजा आधी जिंकला, मग हरला, एवढं लक्षात राहिलं तरी पानिपत आणि बक्सारची अदलाबदल होत नाही.

शकात ७८ मिळवायचे की ७९?

मराठी साधनांत तारखा शकात असतात आणि इथे भलेभले गडबडतात. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. त्यामुळे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. शिवराज्याभिषेक ज्येष्ठातला, शके १५९६, म्हणून १६७४. शिवजन्म फाल्गुनातला, शके १५५१; म्हणून १६३०. पानिपत पौषातलं, शके १६८२, पण तारीख जानेवारीतली, म्हणून १७६१. इथे ७८ मिळवले तर उत्तर १७६० येतं आणि बहुपर्यायी प्रश्नात तोही आकडा समोर असू शकतो.

पानिपतची तारीख लक्षात ठेवायला अनेक जण संक्रांतीचा आधार घेतात. खूण म्हणून ठीक, पण उत्तरपत्रिकेत 'लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली' असं लिहू नये. संक्रांत सूर्याच्या राशीवर ठरते आणि इंग्रजी कॅलेंडरमध्ये हळूहळू पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं आधीची, १७६१ची संक्रांत लढाईच्या काही दिवस अगोदरच होऊन गेली होती.

पुस्तक मिटून

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. 'आत्ता तर येत होतं' हा अनुभव इथूनच येतो: वाचल्या वाचल्या सगळं येतंय असंच वाटतं.

म्हणून हायलायटर बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ मारायची. १७५७, १८१८, १८५७, १८८५, १९२०, १९४७ हे खांब आधी रोवायचे आणि बाकीच्या घटना त्यांच्या मधे बसवायच्या. खांबही गोष्टीसकट हवेत. १ ऑगस्ट १९२०ला लोकमान्य टिळक गेले आणि असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली, म्हणजे एका तारखेत दोन उत्तरं. रेघ दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा न बघता काढायची आणि चुकलेल्या सनांना लाल गोल करायचा. पुढच्या वेळी सुरुवात त्या लाल गोलांपासून.