जळकोटचा अर्जदार आणि व्यवस्थापनशिक्षणाची दारे

नामवंत व्यवस्थापन संस्थेत भारतीय अर्जदाराला प्रवेश मिळण्याची शक्यता अजमावताना गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तीन मापे वापरली गेली: आश्रयदात्याचा शब्द, परीक्षेतले गुण आणि अर्जदाराची एकूण कामगिरी. जळकोट हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. कोणते माप कोणाच्या सोयीचे होते, हे अशा गावावरून नीट कळते.

1948 पर्यंत जळकोट निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि सोलापूर ब्रिटिश मुंबई इलाख्यात होते. ही सरहद्द शिक्षणातही आडवी येई. मुंबईत 1913 साली सिडनहॅम कॉलेज निघाले आणि वाणिज्याचे स्वतंत्र शिक्षण मिळू लागले. सोलापुरात 1940 साली दयानंद कॉलेज सुरू झाले. संस्थानातल्या विद्यार्थ्यासाठी मात्र हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ होते. 1918 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात उर्दूतून शिकवले जाई, त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला विषयाआधी भाषेशी झुंजावे लागे. 1938 साली वंदे मातरम् गायिल्यावरून उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला.

त्या काळी परदेशी शिक्षण आश्रयावर चाले. जमशेटजी टाटांनी 1892 साली परदेशी शिक्षणासाठी निधी उभारला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. बुद्धी असामान्य असली तरी ती दरबारापर्यंत पोहोचवणारा कोणीतरी लागे. ज्या खेड्याची तिथे ओळख नव्हती, तिथल्या मुलाची शक्यता मोजलीच जात नसे.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून संस्थानात शिरले. नळदुर्गची लढाई झाल्यावर रणगाड्यांच्या तुकडीने तिथून आठ किलोमीटरवरचे जळकोट सकाळीच ताब्यात घेतले आणि पुढच्या फौजेला उमरग्याची वाट मोकळी झाली. सरहद्द पुसली गेली. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पदवी आता आपल्या विभागात मिळू लागली, आणि पदवी ही व्यवस्थापनशिक्षणाची पहिली अट होती.

दरम्यान अमेरिकेत दुसरे माप तयार झाले होते. व्हॉर्टन 1881 साली आणि हार्वर्ड बिझनेस स्कूल 1908 साली निघाले. अर्ज वाढले तसे सर्वांना एकाच फूटपट्टीने मोजण्याची गरज भासली. 1953 साली नऊ अमेरिकी संस्था त्यासाठी एकत्र आल्या आणि पुढच्या वर्षी सामाईक परीक्षा सुरू झाली. हीच 1976 पासून जीमॅट या नावाने ओळखली जाते. भारतात 1961 साली कोलकाता आणि अहमदाबाद येथे आयआयएम स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेला हार्वर्डचे सहकार्य होते, तर मुंबईत 1965 साली सुरू झालेल्या जमनालाल बजाज संस्थेला स्टॅनफर्डचे. पुढे आयआयएमच्या प्रवेशासाठी कॅट ही सामाईक परीक्षा आली.

परीक्षेने ओळखीची अट काढली. उत्तरपत्रिकेला गाव नसते, हा तिचा मोठा गुण. पण इंग्रजी, वेगाने गणित सोडवण्याचा सराव आणि शिकवणीवर्ग हे सारे शहरांत एकवटले होते. आजच्या कॅटमध्ये इंग्रजी आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन भाग असतात. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण कापला जातो. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. 90 पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकी नव्वद टक्के त्या विद्यार्थ्याच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय अनेक आयआयएम या आकड्यात दहावी, बारावी व पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव आणि मुलाखत मिळवतात. केंद्रीय संस्थांतल्या राखीव जागांमुळे स्पर्धा प्रवर्गानुसारही पाहावी लागते. 2008 पासून इतर मागासवर्गीयांसाठी 27 टक्के जागा आहेत.

परदेशी संस्थांनी तिसरे माप अधिक पुढे नेले. जीमॅटची नवी आवृत्ती 2023 साली आली आणि गुणांची श्रेणी 205 ते 805 झाली. तिच्यातले 645 साधारण जुन्या 700 च्या बरोबरीचे धरले जातात. त्यामुळे जुन्या आकड्यांशी थेट तुलना केली तर अंदाज चुकतो. भारतीय अर्जदारांत माहिती तंत्रज्ञानात काम करणारे अभियंते फार असतात आणि त्यांचे गुणही उंच असतात. म्हणून गुण ही किमान पात्रता ठरते. निवड होते ती निबंध, शिफारसपत्रे, मुलाखत आणि काही वर्षांच्या कामावरून. शिफारस परत आली आहे, पण बदलून. आता मान्यवराच्या मोठेपणाला किंमत नाही. अर्जदाराचे काम रोज पाहिलेल्या वरिष्ठाने काय लिहिले, ते तोलले जाते.

इथे जळकोटसारख्या गावातल्या उमेदवाराची बाजू पूर्वीइतकी पडती नाही. शेतकरी उत्पादक कंपनीत काम केलेल्या पदवीधराने सभासद किती वाढवले, सोयाबीनला बाजारसमितीपेक्षा किती जास्त भाव मिळवून दिला, वसुली कशी सुधारली, हे आकड्यांत मांडले तर ते नेतृत्वाचे ठोस पुरावे ठरतात. नुसते ‘गावासाठी काम केले’ असे लिहिले तर त्याला वजन येत नाही. खर्च हा मोठा अडसर आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मिळते, मात्र जागतिक क्रमवारीत वर असलेल्या संस्थेत प्रवेश मिळाला तरच.

मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि अहमदाबाद आयआयएमचे माजी विद्यार्थी श्रीकांत दातार 2021 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता झाले. भारतीय अर्जदाराच्या पात्रतेविषयी आता शंका उरलेली नाही. खेड्यातल्या अर्जदाराला कमी पडते ती वेळेवर मिळणारी माहिती. दहावीचे गुण पुढे आयआयएमच्या निवडीत मोजले जातात, हे पदवीनंतर कळून उपयोग नाही. ते गावातल्या शाळेतच, दहावीच्या वर्गात सांगितले गेले पाहिजे.