सत्तर वर्षांचा पाहुणा : मार्शियन मॅनहंटर आणि स्वतःचे मासिक

अमेरिकी चित्रकथांच्या इतिहासात यशाची चर्चा पुष्कळ होते. सुपरमॅन का टिकला, बॅटमॅन का टिकला, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. परंतु जे नायक धड टिकले नाहीत आणि धड विस्मृतीतही गेले नाहीत, त्यांच्याकडे समीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. एखाद्या वाङ्मयप्रकाराची घडण अशा मधल्या पात्रांच्या नशिबातूनच अधिक स्पष्ट दिसते, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात अशाच एका नायकाचा विचार करावयाचा आहे. मार्शियन मॅनहंटर, म्हणजे मंगळावरून आलेला जॉन जॉन्झ, हा डीसी या प्रकाशनसंस्थेचा नायक १९५५ साली जन्मला. स्वतःच्या नावाचे नियमित चालणारे मासिक त्याला प्रथम मिळाले ते १९९८ साली, आणि तेही तीन वर्षांत बंद पडले. त्रेचाळीस वर्षांची प्रतीक्षा आणि तीन वर्षांचा संसार, हा हिशेब कसा लावायचा?

मराठी वाचकाला हा नायक परिचित असण्याचे फारसे कारण नाही. आपल्याकडे १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक घरोघरी पोचले. पण ते मूळचे अमेरिकी दैनिकांतील चित्रपट्ट्यांचे नायक. हा भेद वरवर किरकोळ वाटतो, तसा तो नाही. दैनिक बातम्यांसाठी विकले जाते आणि पट्टीचा नायक त्याच्या आश्रयाने जगतो. कॉमिक मासिकाच्या नायकाला मात्र आपला अंक स्वतःच्या नावावर खपवावा लागतो. मार्शियन मॅनहंटर याच दुसऱ्या घराण्यातला, आणि तरीही त्याची पहिली तेरा वर्षे दुसऱ्याच्या आश्रयानेच गेली.

‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २२५ व्या अंकात तो अवतरला. लेखक जोसेफ सॅमॅकसन, चित्रकार जो सर्टा. डॉ. अर्डेल नावाच्या शास्त्रज्ञाच्या यंत्रामुळे मंगळवासी जॉन जॉन्झ पृथ्वीवर खेचला जातो. त्याला पाहून बसलेल्या धक्क्याने शास्त्रज्ञ मरण पावतो. परतीची वाट बंद होते. रूप बदलण्याची विद्या अवगत असलेला हा परग्रहवासी मग माणसाचे रूप घेऊन जॉन जोन्स या नावाने पोलीस गुप्तहेर बनतो. कल्पना समर्थ होती. एकटेपणा, परक्या भूमीवरचे वेषांतर, परतीची ओढ, असे मोठ्या कथेचे सारे द्रव्य तीत होते. परंतु ते मासिक बॅटमॅनचे. मुखपृष्ठ बॅटमॅनचे, पहिली कथा बॅटमॅनची, आणि मागच्या बाजूच्या मोजक्या पानांत हा मंगळवासी. एवढ्या पानांत एक गुन्हा घडावा, एक युक्ती सुचावी आणि चोर पकडला जावा, इतकेच मावते.

दुय्यम कथेत वाढलेल्या नायकाला काय मिळत नाही, हे येथे पाहण्यासारखे आहे. त्याला गाव मिळत नाही. बॅटमॅनला गॉथम, सुपरमॅनला मेट्रोपोलिस आणि तेथील दैनिकाची कचेरी लाभली. ती स्थळे शेकडो पानांच्या साठ्यातून हळूहळू उभी राहिली. त्याला तोलामोलाचा शत्रू मिळत नाही, कारण मोजक्या पानांत पकडला जाणारा चोर पुन्हा परतून भय निर्माण करू शकत नाही. आणि त्याला माणसे मिळत नाहीत. डायेन मीड ही पोलीस खात्यातील सहकारी १९५७ साली या कथांत आली. तिच्याभोवती एखादे छोटे विश्व उभे राहू शकले असते. पण १९६४ साली ज्यूलियस श्वार्ट्झ यांनी ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चे संपादन हाती घेऊन मासिकाचा कायापालट केला, आणि मागची पाने इलाँगेटेड मॅन या दुसऱ्या नायकाकडे गेली. जाता जाता ३२६ व्या अंकात गुप्तहेर जॉन जोन्सचा मृत्यू दाखवण्यात आला. नायक जिवंत राहिला. मेला तो त्याचा माणूसपणा, त्याची नोकरी आणि त्याचे शहर.

पुढे तो ‘हाऊस ऑफ मिस्टरी’ या मासिकात गेला. तेथे काही काळ त्याने एका शापित मूर्तीच्या मस्तकातून निघणाऱ्या राक्षसांशी झुंज दिली, नंतर दुसरेच वेषांतर करून एका गुन्हेगारी टोळीचा पाठलाग केला. दोन वर्षांच्या आत, १९६६ साली, ‘डायल एच फॉर हिरो’ ही नवी मालिका तेथे आली आणि तो पुन्हा मागच्या पानांवर सरकला. १९६८ साली त्या मासिकाने भयकथांचा मार्ग धरला, तेव्हा त्याला तेथूनही बिऱ्हाड हलवावे लागले. प्रत्येक मुक्कामी मागचा संसार मोडून नवा मांडायचा, हीच त्याची रीत झाली. सातत्य हा मालिकेचा प्राण असतो. नेमके तेच त्याला कधी लाभले नाही.

मग तो विसरला का गेला नाही? याचे उत्तर १९६० मध्ये आहे. त्या वर्षी जस्टिस लीग हा नायकांचा संघ निघाला आणि सात संस्थापकांत मार्शियन मॅनहंटरची गणना झाली. आरंभीच्या कथांत सुपरमॅन आणि बॅटमॅन यांचा वावर मर्यादित असे. त्यामुळे उडणारा, बलाढ्य असा जो एक नायक संघाला हवा होता, ती जागा मंगळवासीयाने भरून काढली. पुढे सुपरमॅन नियमित येऊ लागला तेव्हा ती गरज उरली नाही आणि १९६९ साली हा नायक संघातून निरोप घेऊन गेला. १९८४ मध्ये तो परतला. १९८७ साली किथ गिफेन आणि जे. एम. डीमॅटिस यांनी लिहिलेल्या विनोदी वळणाच्या लीगमध्ये तो गंभीर, वैतागलेला वडीलधारा झाला. १९९७ मध्ये ग्रँट मॉरिसन यांच्या लीगमध्ये सर्वांची मने एकमेकांशी जोडणारा दुवा झाला. संघाचा आत्मा अशी त्याची ख्याती झाली ती या काळात.

ही ख्यातीच त्याच्या मार्गात आडवी आली, असे आमचे मत आहे. संघकथेत त्याचे काम इतरांना ओळखणे, सांभाळणे, जोडणे हे असते. त्याचे मोठेपण इतरांच्या उपस्थितीत सिद्ध होते. घरातील सर्वांचे पाहणाऱ्या मोठ्या काकांसारखे हे स्थान; काकांवाचून घराचे पान हलत नाही, पण कथा सांगायची वेळ आली की ती पुतण्यांची सांगितली जाते. ज्याला त्याचा सहवास हवा, त्याला तो लीगच्या मासिकात मिळतोच. त्यासाठी वेगळे मासिक घेण्याचे कारण वाचकाजवळ उरत नाही.

आता बाजाराकडे वळू. पूर्वी कॉमिक मासिके वृत्तपत्रांच्या ठेल्यांवर विकली जात आणि न खपलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत जात. १९७३ पासून फिल सूलिंग यांच्या पुढाकाराने निराळी पद्धत सुरू झाली. कॉमिकच्या खास दुकानदाराने आगाऊ मागणी नोंदवायची, सवलत अधिक घ्यायची, पण न खपलेला माल परत करायचा नाही. नुकसानीचा धोका असा दुकानदाराच्या गळ्यात आला. साहजिकच तो हात राखून मागणी नोंदवू लागला. नव्या मालिकेचा पहिला अंक कुतूहलाने खपतो; दुसऱ्याची आणि तिसऱ्याची मागणी दुकानदार पहिल्याचा खप नीट कळण्याआधीच कमी करून ठेवतो. अपरिचित नायकाच्या बाबतीत ही घसरण लवकर तळ गाठते. बंद पडेल या भीतीने वाचक घेत नाही, आणि वाचक घेत नाही म्हणून मालिका बंद पडते. बॅटमॅनच्या मासिकाला वाईट लेखक मिळाला तरी ते तगते. दुय्यम नायकाला चांगला लेखकही पुरत नाही.

१९९८ च्या मालिकेला तर चांगला लेखक मिळाला होता. जॉन ऑस्ट्रँडर यांचे लेखन आणि टॉम मँड्रेक यांची काळोखी, वाहती चित्रे यांनी मंगळाची संस्कृती, तिचा धर्म आणि नायकाच्या जुळ्या भावाचे वैर यांतून एक भरीव विश्व रचले. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकी कॉमिकचा बाजार मंदीत होता, अशा काळात ही मालिका ३६ व्या अंकापर्यंत पोचली आणि २००१ साली संपली. आजवरची त्याची सर्वांत दीर्घ मालिका तीच. २०११ साली डीसीने आपली सारी मासिके नव्याने सुरू केली, तेव्हा लीगच्या संस्थापकांतील त्याची जागाही सायबॉर्गला देण्यात आली. २०१५ ची मालिका १२ अंकांत आटोपली. २०१८ साली स्टीव्ह ऑर्लँडो आणि रायली रॉसमो यांची जी मालिका निघाली, ती आरंभीच १२ अंकांची म्हणून योजलेली होती.

या नायकाविषयी दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक, तो सुपरमॅनची नक्कल आहे. दुसरा, त्याच्याजवळ इतक्या शक्ती आहेत की कथेत संकटच उरत नाही, आणि त्याचे आगीचे भय कृत्रिम वाटते. आक्षेप निराधार नाहीत, पण पुरेसेही नाहीत. सर्वशक्तिमान असणे सुपरमॅनला नडले नाही, आणि नक्कल म्हणून जन्मलेली कितीतरी पात्रे पुढे स्वतंत्र झाली. खरी अडचण त्याच्या कथेच्या घाटात आहे. १९५५ च्या मूळ कथेत मंगळ जिवंत होता. नायक घरापासून दुरावलेला होता, इतकेच. १९८८ साली डीमॅटिस आणि मार्क बॅजर यांच्या चार अंकी मालिकेने मंगळ मृत ठरवला, आणि तेव्हापासून हा नायक रोगराईत सारा समाज, पत्नी आणि मुलगी गमावलेला शोकमग्न पिता झाला. या बदलाने पात्राला खोली आली, यात शंका नाही. परंतु ही शोकांतिका आहे आणि तिची घटना भूतकाळात घडून गेलेली आहे. शोकांतिकेला शेवट लागतो. मासिकाला शेवट चालत नाही. म्हणून प्रत्येक नवी मालिका त्याच एका आपत्तीकडे परत जाते, ती नव्याने सांगते, आणि सांगून झाली की तिच्याजवळ पुढचा प्रश्न उरत नाही.

हे विधान तपासण्यासाठी दोन उदाहरणे घेऊ. अ‍ॅनिमल मॅन हा १९६५ साली अवतरलेला, मार्शियन मॅनहंटरहूनही अपरिचित नायक. १९८८ साली मॉरिसन यांनी त्याची चार अंकांची मालिका योजली. ती वाढून ८९ अंक चालली. तेथे नायकाला उपनगरातले घर, पत्नी, दोन मुले आणि प्राण्यांच्या हक्कांचा कधीही न सुटणारा प्रश्न मिळाला होता. दुसरे उदाहरण स्टारमॅनचे. जेम्स रॉबिन्सन आणि टोनी हॅरिस यांची १९९४ ते २००१ या काळातली ही मालिका ८० व्या अंकापर्यंत गेली. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारा, वडिलांचा वारसा नाइलाजाने स्वीकारणारा तिचा नायक ओपल सिटी या तपशिलाने रचलेल्या शहरात वावरतो. तीच वर्षे, तोच मंदीचा बाजार, आणि तरी दुप्पटीहून अधिक आयुष्य. दोन्ही ठिकाणी नायकाला उद्या सकाळी उठून करण्यासारखे काही तरी होते. मंगळवासीयाला गमावण्यासारखे सारे काही दिले गेले, जगण्यासारखे थोडेच.

२०२५ साली डेनिझ कॅम्प आणि हाविएर रोद्रिगेझ यांनी ‘अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’ ही मालिका सुरू केली, तेव्हा त्यांनी नेमकी हीच गाठ सोडवली. त्यांचा जॉन जोन्स पृथ्वीवरचाच, केंद्रीय तपास खात्यात नोकरी करणारा, बायकोमुलाचा माणूस आहे. मंगळवासी त्याच्या मनात येऊन राहतो. १९६४ साली मारून टाकलेला गुप्तहेर जणू एकसष्ट वर्षांनी कामावर रुजू झाला. सहा अंकांसाठी योजलेली ही मालिका प्रतिसाद पाहून १२ अंकांची करण्यात आली. तिलाही मर्यादा आहेच. पण ती मर्यादा आता पराभवाची खूण राहिलेली नाही.

साहित्याच्या अध्यापकांना या सर्व प्रकरणात एक इशारा आहे, असे आम्हांस वाटते. जे दीर्घकाळ टिकले ते श्रेष्ठ, असे आपण अभ्यासक्रम आखताना नकळत गृहीत धरतो. टिकणे हे पुष्कळदा पानांच्या वाटपावर, विक्रीच्या पद्धतीवर आणि आरंभी मिळालेल्या जागेवर अवलंबून असते. मार्शियन मॅनहंटरला मासिक चालवता आले नाही, याचा अर्थ त्याच्याजवळ कथा नव्हती असा होत नाही. त्याची कथा बारा अंकांत मावणारी आहे, आणि बारा अंकांत मावणारी कथा अनंत काळ चालवण्याचा आग्रह हा बाजाराचा आग्रह आहे. समीक्षेने तो आपला मानण्याचे कारण नाही.