रग्बी खेळाडूचा करार कोणाशी? संघटनेशी की क्लबशी?

रग्बी युनियन हा खेळ १९९५ साली अधिकृतपणे व्यावसायिक झाला. तेव्हापासून खेळाडूंना करारबद्ध करण्याच्या दोन पद्धती रुळल्या.

न्यूझीलंड आणि आयर्लंडमध्ये आघाडीच्या खेळाडूंशी राष्ट्रीय संघटनाच करार करते. त्यामुळे कोणी किती सामने खेळायचे, विश्रांती कधी घ्यायची, हे ती ठरवू शकते.

फ्रान्समध्ये पगार क्लब देतो. मात्र आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या ठरलेल्या काळात त्याला खेळाडू देशासाठी सोडावा लागतो. इंग्लंडमध्येही मुख्य करार क्लबशीच असतो, पण २०२४ पासून संघटना निवडक खेळाडूंशी वेगळा करारही करते.

खरा पेच परदेशी क्लबकडे जाताना पडतो. न्यूझीलंडबाहेर खेळणाऱ्याला ‘ऑल ब्लॅक्स’ संघात सहसा घेत नाहीत. रिची मोउंगा २०२३ च्या विश्वचषकानंतर जपानी क्लबकडे गेला आणि काळी जर्सी त्याला बाजूला ठेवावी लागली.