भुसावळ परिसरातील खेडे : घर, जमीन आणि वाट

तापीकाठच्या खेड्याचा इतिहास पाहू जाता पांढरी व काळी हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. पांढरीवर धाब्याची मातीची घरे, भोवताली काळी. पाटील-कुळकर्ण्यांची वतने वंशपरंपरेने चालत.

1818 साली खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला. 1852 साली जमिनीची मोजणी सुरू होताच सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला. हा विरोध निव्वळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. शेतावर साखळी पडली की सारा वाढेल, ही धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. मोजणीनंतर खातेदाराचा कबजा, सारा भरला जाई तोवर, निर्वेध झाला. परंतु त्याच नोंदीमुळे जमीन गहाण टाकणे व विकणे सुलभ झाले आणि सावकारास भक्कम तारण लाभले. 1879 चा शेतकरी साहाय्याचा कायदा प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर एवढ्याच जिल्ह्यांस लागू होता. खानदेशच्या ऋणकोस त्याचा आधार तेव्हा मिळाला नाही.

प्रवासाची कथा निराळी. पावसाळ्यात काळीच्या चिखलात गाडीचे चाक रुते, आणि तापीस पूर आला की पैलतीरीचे यावल जणू परमुलूख होई. 1860 नंतरच्या दशकात लोहमार्ग आला. भुसावळहून एक फाटा नागपुरास 1867 मध्ये पोहोचला. दुसरा खांडव्याकडे गेला व 1870 मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडली गेली. कापसाच्या गाड्या आता स्टेशनापर्यंतच हाकाव्या लागत. यावलकडच्या शेतकऱ्यास मात्र भुसावळ गाठण्यासाठी तापी ओलांडणे चुकले नाही.