सोफियाच्या वाटेवरचे चाळीस तास

सुमारे 240 तास आधी. 14 एप्रिल 2010. आइसलंडमधला ज्वालामुखी राख ओकू लागतो आणि युरोपातले देश एकामागून एक आपलं आकाश विमानांसाठी बंद करतात. विश्वनाथ आनंदला बल्गेरियात पोहोचायचं आहे. व्हेसेलिन तोपालोव स्वतःच्या देशात त्याला बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदासाठी आव्हान देणार आहे. पहिला डाव 23 तारखेला ठरलेला आहे.

सुमारे 190 तास आधी. 16 एप्रिल. फ्रँकफर्टहून सोफियाला जाणारं विमान रद्द होतं. पुढचं कधी, कुणालाच सांगता येत नाही.

सुमारे 120 तास आधी. 19 एप्रिल. आनंदने तीन दिवसांची मुदत मागितली आहे. आयोजक ती नाकारतात.

सुमारे 100 तास आधी. 20 एप्रिल. ऑस्ट्रिया, हंगेरी, रुमानिया ओलांडत, चाळीस तासांचा प्रवास रस्त्याने करून आनंद सोफियात पोहोचतो. तेव्हा तो चाळिशीचा आहे. गाडीत बसल्या बसल्या लागते ती झोप तुकड्यातुकड्यांची. दिवसभर जे घोकलं, ते मेंदू पक्कं करतो ते मुख्यतः झोपेत. विश्वविजेतेपदाच्या लढतीत तर वीस-पंचवीस खेळ्यांपर्यंतचे फाटे डोक्यात ठेवावे लागतात, तेही अचूक क्रमाने. दमलेल्या खेळाडूचं ज्ञान जात नाही. ऐन वेळी नेमकी खेळी नेमक्या जागी आठवणं अवघड होतं. विश्रांतीसाठी त्याला जास्तीचा मिळतो तो फक्त एक दिवस. पहिला डाव 24 तारखेवर जातो.

शून्य. 24 एप्रिल. काळी मोहरी आनंदकडे. तो ग्रुनफेल्ड बचाव खेळतो. बावीस खेळ्यांपर्यंत डाव तोलात आहे. तेविसाव्या खेळीला तो राजा एफ7 घरात सरकवतो. तिथे आधी उंट डी7 वर आणायला हवा होता. तोपालोव लगेच एफ6 वर घोड्याचा बळी देतो. राजाला तो घ्यावा लागतो आणि पांढरे हत्ती एच आणि सी पट्ट्यांवरून आत घुसतात. तिसाव्या खेळीनंतर आनंद डाव सोडतो. तयारीतल्या खेळ्यांची आपल्याकडून गल्लत झाली, असं त्याने पुढे सांगितलं.

या चुकीचं सगळं माप प्रवासाच्या पदरात टाकता येणार नाही. मधे चार दिवस गेले होते, आणि ताजातवाना विश्वविजेताही विसरतो. दुसऱ्याच दिवशी आनंदने दुसरा डाव जिंकला. 11 मे रोजी बारावा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकून 6.5–5.5 अशा गुणांनी त्याने विजेतेपद राखलं. पण म्हणून आयोजकांचा नकार योग्य ठरत नाही. एक खेळाडू घरच्या गादीवर झोपतो आणि दुसरा चाळीस तास रस्त्यावर असतो, तेव्हा पटावरची मोहरी सारखी असून भागत नाही. तीन दिवसांची मागणी रास्त होती आणि ती मान्य व्हायला हवी होती.