दगड, धोंडा आणि रॉकेल

इंग्रजीतला 'रॉक' हा शब्द आमच्या लोकांच्या घरात शाळेच्या पुस्तकातून आला नाही, तो पत्र्याच्या डब्यातून आला. रॉकेल म्हणजे 'रॉक ऑइल', खडकातले तेल. चिमणीत आणि स्टोव्हमध्ये घालताना त्या शब्दाच्या पोटात दगड आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. पेट्रोलियम ह्या भारदस्त नावाचा अर्थही तोच आहे. लॅटिनमध्ये 'पेत्रा' म्हणजे खडक आणि 'ओलेउम' म्हणजे तेल. ज्यांना रॉकेल म्हणायचे नसे ते घासलेट म्हणत. तेही इंग्रजांच्या 'गॅस लाइट'चेच पोर. रेशनच्या रांगेत चार भाषा बोलणाऱ्या बायका उभ्या असत आणि हा एक शब्द चौघींचा असे.

खुद्द इंग्रजीत ह्या शब्दाची गंमत आणखी आहे. 'रॉक' म्हणजे जागचा न हलणारा खडक, आणि 'रॉक' म्हणजेच झुलवणे, डोलणे, पाळणा हलवणे. मुळात हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला जुन्या फ्रेंचमधून आलेला, दुसरा घरचा जुना इंग्रजी. उच्चार जुळला म्हणून एकाच वेशीतून ये-जा करू लागले. तरुण मुलांच्या 'रॉक' संगीतात जो आहे तो डोलणारा. दगडासाठी त्यांचा दुसरा शब्द 'स्टोन'. ते वजनाचे मापही आहे, एक स्टोन म्हणजे १४ पौंड. ह्या चौदा पौंडांचा हिशेब पुढे यावयाचा आहे, तेव्हा तो वाचकांनी लक्षात ठेवावा.

'पेत्रा' वरून आणखी एक सोयरीक निघते. ख्रिस्ताच्या शिष्यांत जो पीटर, त्याचे नाव सायमन. त्याला ख्रिस्ताने केफा म्हटले. अरामी भाषेत केफा म्हणजे खडक, आणि ग्रीकांनी त्याचे पेत्रोस केले. फ्रेंचमध्ये तर 'पिएर' हे माणसाचेही नाव आणि दगडाचेही. म्हणजे रोमच्या पहिल्या धर्मगुरूचे नाव आणि आमच्या गिरणीच्या मस्टरवरच्या धोंडिबाचे नाव एकच होय! सोलापुरात ह्या कुळाला तिसरा भाऊही आहे. कानडीत कल्लु म्हणजे दगड, त्यावरून कल्लप्पा. साच्यावर धोंडिबा आणि त्याच्या शेजारी कल्लप्पा उभा राहून आठ तास काम करी. दोघांच्या आयांनी मुलांना एकच नाव ठेवले होते, हे दोघांपैकी एकासही ठाऊक नसे.

मुलाला दगड का म्हणावे? ज्या घरात मुले जगत नसत तेथे पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, मुलीला दगडाबाई, धोंडाबाई म्हणत. मृत्यूची नजर चांगल्या वस्तूवर पडते, दगडावर पडत नाही, हा विश्वास. शिवाय दगड टिकतो, ही आशा. ही चाल काही गरिबांपुरतीच नव्हती. १०४ वर्षे जगून १९६२ साली गेलेल्या महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होते. बालमृत्यूचे आकडे सरकारी अहवालात सापडतात, परंतु ज्या पिढीच्या मस्टरवर दगडू आणि धोंडू फार आहेत, त्या पिढीच्या आयांनी किती पाळणे रिकामे पाहिले असतील ते त्या नावांतच वाचावे.

पण हीच भाषा मुलाला शाळेत घातल्यावर काय म्हणते? त्याला गणित आले नाही की मास्तर म्हणतात, "अगदी दगड आहेस." येथे आमच्या भाषेचा दुमजलीपणा उघडा पडतो. शिला, पाषाण, प्रस्तर हे वरच्या मजल्यावरचे शब्द. कोनशिला बसवतात, शिलालेख वाचतात, पाषाणाची मूर्ती असते. खालच्या मजल्यावर दगड, धोंडा, फत्तर. डोक्यात भरतात ते दगड, पायावर मारून घेतात तो धोंडा, गळ्यात पडते ती धोंड. एकच वस्तू, परंतु पुजाऱ्याच्या हातात एक नाव, मजुराच्या डोक्यावर दुसरे. धोंड्याला एकाच ठिकाणी चांगले दिवस आले. अधिक महिन्यात जावयाला पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात. तेथे मात्र वरच्या मजल्यावरचे लोकही खाली उतरून जेवतात.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, ही म्हण सभासंमेलनांतून फार ऐकू येते. वक्ते ती तरुणांना सांगतात आणि कष्ट सोसायला लावतात. टाकी कोणाच्या हातात होती, हे कोणी विचारीत नाही. ती पाथरवटाच्या आणि वडाराच्या हातात होती. वडारांत गाडी वडार दगड वाहून नेणारे, माती वडार खोदाईचे, जाते वडार जाती-पाटे घडवणारे आणि गावोगाव फिरून त्यांना टाकी लावून देणारे. ह्या लोकांची शब्दसंपत्ती कोशकारांनी बसून लिहून घ्यावी अशी आहे. आपण ज्याला नुसता दगड म्हणतो त्याचे त्यांच्याकडे डबर, खांडकी, चिरा, गोटा, खडी, कच असे भाग पडतात. प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि चुकीचा शब्द वापरला तर दिवसाची मजुरी बुडते.

दगडावर लिहिलेल्या मराठीच्या बाबतीत आमचा जिल्हा श्रीमंत आहे. भीमा आणि सीना ह्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. गावोगाव पायपीट करून शिलालेख शोधणारे सोलापूरचे आनंद कुंभार ह्यांनी तो उजेडात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा आशयाची ओळ त्यात आहे. अक्षर शिकण्यासाठी ज्यांना उमर घालवावी लागली त्या आमच्यासारख्यांना हा आशीर्वाद विशेष वाटतो. हजार वर्षांपूर्वी कोणी तरी दगडावर वाचणाऱ्याची बाजू घेतली.

दुसरा लेख पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला, चौऱ्यांशीचा म्हणून प्रसिद्ध असलेला. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत. पिढ्यान् पिढ्या पाठी घासून तो दगड गुळगुळीत झाला. त्यात आहे काय? शके ११९५ पासून ११९९ पर्यंत, म्हणजे १२७३ ते १२७७ ह्या काळात देवळाला कोणी किती दिले त्याची यादी! देवगिरीचा राजा रामदेवराव आहे, त्याचा करणाधिप हेमाद्री पंडित आहे, लहान देणगीदारही आहेत. मोक्ष मागणाऱ्यांची पाठ एका पावतीपुस्तकाला घासली जात होती, असे म्हटले तर कोणी रागावू नये. आम्ही वर्गणी गोळा करणारे लोक, पावतीचे महत्त्व जाणतो. परंतु तो लेख देणाऱ्यांचा आहे. तो दगड खाणीतून काढणाऱ्याची, गाड्यावर चढवणाऱ्याची नोंद ठेवण्यासाठी तो कोरलेला नाही.

ह्या लेखानंतर साठ-पासष्ट वर्षांनी त्याच भागात, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू होते. ह्या कामावर महारांना वेठीला धरले होते, आणि त्यांत चोखोबा होते. कुसू कोसळले आणि खालची माणसे दगडांखाली चिरडली. परंपरा शके १२६०, म्हणजे १३३८ हे साल सांगते. नामदेव मंगळवेढ्यास गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली, ती पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी दिली, अशी कथा आहे. ही कथा कीर्तनात ऐकताना लोकांचे डोळे भरून येतात. आम्हांस मात्र प्रत्येक वेळी उरलेल्या हाडांची आठवण होते. त्या ढिगाऱ्यात चोखोबा एकटे नव्हते. नामदेवांनी निवडून घेतल्यावर बाकीची कोणी उचलली, त्यांच्या घरी कोणी सांगावा नेला? आमच्या वाचनातली कामावरच्या अपघाताची ही सर्वांत जुनी हकीकत, आणि मृतांच्या यादीत नाव एकच. तेही संत होते म्हणून राहिले.

पुढे कंपनी गेली, राणीचे राज्य आले. १८६० साली सोलापुरापर्यंत आगगाडी आली आणि खडी ह्या शब्दाला नवे महत्त्व चढले. रुळांखाली खडी, सडकेवर खडी, आणि दुष्काळात पोटासाठीही खडीच. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना सरकारी कामांवर खडी फोडावयास बसवले. सर रिचर्ड टेंपल ह्यांनी प्रौढ पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, अशा हिशेबाने खाली आणली. आता ते चौदा पौंड आठवावेत. इंग्रज आपले शरीर तोलताना ज्याला एक स्टोन म्हणे, तेवढे धान्य आमच्या खडी फोडणाऱ्याला चौदा दिवसांत मिळे. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ह्या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. गिरणीतल्या संपांचा इतिहास लिहिणारे ह्या संपाला सहसा विसरतात, कारण तो भोंग्याशिवाय झाला.

खडी फोडणे म्हणजे सक्तमजुरीची शिक्षा, हा अर्थही ह्याच राज्यात रूढ झाला. जे काम उपाशी माणसाला उपकार म्हणून दिले, तेच गुन्हेगाराला शिक्षा म्हणून. आणि दगड फोडणे हा ज्यांचा पिढीजात धंदा त्या वडारांवरही गुन्हेगारीचा शिक्का बसला. आज महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. त्या कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली, तिथून माणसे गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. त्या भागाचे 'सेटलमेंट' हे नाव मात्र सोलापूरकरांच्या तोंडी राहिले.

१९७२ च्या दुष्काळात पुन्हा खडीच. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, आणि सोलापूर जिल्हा त्यात पुढे होता. कुणबी, विणकर, गिरणीचा बदली कामगार, सगळे एका ढिगाभोवती बसले. त्या ढिगाऱ्यांतूनच रोजगार हमीचा कायदा निघाला, तो १९७७ चा. ह्या एका प्रसंगी दगड फोडणाऱ्यांच्या वाट्याला हक्क आला.

आता कचेरीतला दगड. १९५७ च्या खनिज कायद्यात इमारतीचा दगड हे 'गौण खनिज' आहे. त्याचे स्वामित्वधन सरकार ब्रासवर घेते. हा ब्रास पितळेचा नव्हे, १०० घनफुटांचा. मजुराची मजुरीही ब्रासवरच ठरते. सरकारचा ब्रास आणि मुकादमाचा ब्रास ह्यांत पुष्कळदा पाटीदोन पाट्यांचा फरक पडतो, हा आमचा अनुभव.

माणसाच्या बाबतीत घोटाळा अधिक. १९५२ च्या खाण कायद्याने उघडी दगडखाण सहा मीटरांपेक्षा खोल नसेल, तेथे पन्नासांहून अधिक माणसे नसतील आणि सुरुंग लावला जात नसेल, तर तिला बहुतेक कलमांतून सूट दिली. तोच दगड यंत्राने खडी करणाऱ्या क्रशरवर गेला की १९४८ चा कारखाना कायदा. बांधकामावर फुटला की १९९६ चा बांधकाम कामगार कायदा, आणि त्यातून मंडळाची नोंदणी व मुलांची शिष्यवृत्ती. परंतु खाण किंवा कारखाना कायदा जेथे लागू, तेथे बांधकाम कामगार कायदा लागू नाही, असे त्याच्या व्याख्येतच लिहिले होते. संसदेने २०२० साली हे तिन्ही कायदे एका संहितेत गुंफले, तरी खाण, कारखाना आणि बांधकाम ह्यांच्या व्याख्या वेगवेगळ्याच राहिल्या.

दगड फोडणारी बाई सकाळी खाणीत, दुपारी क्रशरवर आणि दुसऱ्या दिवशी पुलाच्या कामावर असते. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. म्हणून अशा बायांना आम्ही एक वही ठेवायला सांगतो. तारीख, जागा, आणि त्या दिवशी दगड कोठे फोडला, खाणीत, क्रशरवर की कामावर. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वही शाळेत जाणारी मुले लिहितात. परवा तपासलेल्या एका वहीत चौथीतल्या मुलीने आईच्या कामाच्या रकान्यात ४३ दिवस ओळीने एकच शब्द लिहिला होता, 'धोंडे'. जागेचा रकाना कोरा होता, तो आता आईला विचारून भरावा लागेल.