पानक, पन्हे आणि खानदेशातील ऊन

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. आज जळगाव शहरात सामावलेले पिंप्राळे असो वा भोवतालची केळी-कापसाची गावे, तेथील बोलण्यात ‘ऊन लागणे’ हाच प्रयोग रूढ आहे. ‘उष्माघात’ हा संस्कृतघटित शब्द पत्रकांतून व वृत्तपत्रांतून आलेला आहे. या लागणाऱ्या उन्हावर घरोघरी योजिला जाणारा उपाय म्हणजे कैरीचे पन्हे होय.

‘पन्हे’ या शब्दाचा संबंध सामान्यतः संस्कृत ‘पानक’ या शब्दाशी जोडला जातो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गुळाच्या, आंबट व बिनआंबट पानकांचा विचार आढळतो. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तर कच्चा आंबा पाण्यात शिजवून, हाताने कुस्करून, त्यात साखर, थंड पाणी, कापूर व मिरे घालावयास सांगितले आहे. ही कृती आजच्या पन्ह्याहून फारशी निराळी नाही. तथापि, या कृतीत मिठाचा उल्लेख नाही. स्वयंपाकघरातील पन्ह्यात मात्र चिमूटभर मीठ हटकून पडते. घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात, हे ध्यानी घेता ही भर महत्त्वाची ठरते.

दक्षिण चीनमधील ‘लिआंगछा’, म्हणजे ‘शीतल चहा’, हे या बाबतीत उद्बोधक उदाहरण होय. नावात चहा असला तरी तो बहुधा शेवंतीची फुले, ज्येष्ठमध इत्यादी वनस्पतींचा काढा असतो. क्वांगचौ येथे १८२८ मध्ये ‘वांगलाओजी’ या नावाने त्याची विक्री सुरू झाली. २००६ मध्ये चीनने त्याला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे काढा दुकानात गेला व त्याला मुद्रा लाभली. पन्हे बाटलीतूनही विकले जाऊ लागले असले, तरी त्याचे मुख्य स्थान घर हेच राहिले.

यातच त्याची मर्यादाही आहे. घरातले पन्हे सावलीतल्या माणसाला सहज मिळते. भर दुपारी शेतात राबणाऱ्या मजुराला ते मिळेलच असे नाही. शिवाय ते प्रतिबंधक पेय आहे, औषध नव्हे. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन माणूस भ्रमिष्ट वा बेशुद्ध झाला, तर त्याला काहीही पाजू नये. अंग तत्काळ गार करीत रुग्णालयात न्यावे लागते. अहमदाबादेने २०१० च्या तीव्र उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा स्वीकारला, तो पूर्वसूचना व रुग्णालयांची सज्जता यांवर भर देणारा होता. पन्ह्याची परंपरा अशा व्यवस्थेस पूरक ठरते. तिची जागा घेऊ शकत नाही.